कबड्डीचा जमाखर्च – लेखांक ७ : मूळ किमतीतले जाणते

काशिलिंग आडके हा सांगली जिल्ह्यातल्या कासेगावचा चढाईपटू. प्रो कबड्डी लीगच्या दुसऱ्या हंगामात, २०१५ साली, दबंग दिल्लीकडून खेळताना चढायांचे सर्वाधिक गुण त्याच्या नावावर होते. २०१७ च्या लिलावात यू मुंबाने त्याला ४८ लाखांना घेतले. पुढच्याच वर्षी तो बेंगळुरू बुल्सकडे ३२ लाखांत गेला. त्या संघात रोहित कुमार आणि ५२.८ लाखांचा पवन सेहरावत हे दोन मुख्य चढाईपटू आधीच ठरलेले होते, त्यामुळे काशिलिंगकडे तिसऱ्याचे काम आले. पवनने त्या हंगामात चढायांचे २७१ गुण मिळवले आणि ५ जानेवारी २०१९ ला बेंगळुरूने गुजरातला ३८-३३ असे हरवून विजेतेपद पटकावले. एके काळचा पहिला चढाईपटू तिसऱ्या जागेसाठी आणि तिसऱ्या जागेच्या दरात मिळणे, हा संघबांधणीतला मोलाचा सौदा असतो.

असा सौदा शक्य होतो तो खर्चाच्या मर्यादेमुळे. प्रत्येक संघाला खेळाडूंवर ठरावीक रक्कमच खर्च करता येते. २०१४ च्या पहिल्या लिलावात ती ६० लाख होती, २०२१ मध्ये ४ कोटी ४० लाख आणि २०२३ पासून ५ कोटी. या पैशांत अठरा ते पंचवीस जणांचा संघ उभा करायचा असतो. करार संपलेला आणि संघाने कायम न ठेवलेला खेळाडू पुन्हा लिलावात येतो. त्याच्यासाठी जुन्या संघाला काही द्यावे लागत नाही, मूळ किमतीपासून बोली सुरू होते आणि दुसऱ्या कोणी हात वर केला नाही तर तिथेच थांबते. एका तरुण चढाईपटूवर दीड-दोन कोटी गेले की उरलेल्या सतरा-अठरा जागा भरताना मालकांची नजर आपोआप जुन्या नावांकडे वळते.

जुन्या खेळाडूचा भाव उतरतो, पण त्याचा खेळ सगळ्या बाजूंनी सारखा उतरत नाही. संघबांधणीतली बहुतेक चूक ही गोष्ट न ओळखल्यामुळे होते. चढाई हा पायांचा आणि श्वासाचा खेळ आहे. तीस सेकंदांत आत शिरायचे, क्षणात दिशा बदलायची आणि अंगावर दोघे-तिघे असताना मध्यरेषा गाठायची. यात गुडघा पहिल्यांदा बोलू लागतो. कोपऱ्यातल्या बचावपटूचे काम वेगळे. त्याला पळायचे कमी आणि वाट पाहायची जास्त असते. चढाईपटू बोनस रेषेकडे पाय टाकताना कोणत्या पायावर भार देतो, परतताना आधी खांदा वळवतो की कंबर, हे शेकडो सामने पाहिलेल्या डोळ्याला आधी दिसते. घोट्याची पकड ताकदीइतकीच वेळेवर अवलंबून असते. म्हणून पस्तिशीनंतरचा कोपरारक्षक ही बहुधा चांगली खरेदी ठरते. त्याच वयाचा मुख्य चढाईपटू क्वचितच ठरतो. धर्मराज चेरलाथन हा १९७५ सालचा जन्म असलेला बचावपटू ४१ व्या वर्षी पाटणा पायरेट्सचा कर्णधार होता आणि ३१ जुलै २०१६ ला त्याच्या संघाने चौथ्या हंगामाचा अंतिम सामना जिंकला. एवढ्या वयात संघाच्या मुख्य चढायांचा भार वाहून विजेतेपद मिळवणारा चढाईपटू या लीगमध्ये झालेला नाही.

या विचाराचा सर्वांत पूर्ण नमुना २०२१ च्या ऑगस्टअखेरीस झालेल्या लिलावात दिसला. आधीच्या हंगामात अंतिम सामन्यात बंगालकडून हरलेल्या दबंग दिल्लीने नवीन कुमार हा तरुण चढाईपटू कायम ठेवला होता. त्याच्याभोवती संघाने अनुभवी माणसे गोळा केली : संदीप नरवाल ६० लाख, अजय ठाकूर ४६ लाख, जीवा कुमार ४४ लाख, मनजीत छिल्लर २० लाख. मनजीत हा लीगच्या सर्वाधिक यशस्वी बचावपटूंपैकी एक. २०१७ मध्ये त्याच्यासाठी जयपूरने ७५.५ लाख मोजले होते. संदीप वयाने या सर्वांत लहान, पण पहिल्या हंगामापासून खेळलेला आणि चढाई-पकड दोन्ही करणारा. कर्णधारपद जोगिंदर नरवाल या आणखी एका जुन्या कोपरारक्षकाकडे होते. लिलावात घेतलेल्या त्या चौघांची बेरीज १ कोटी ७० लाख होते. त्याच लिलावात यूपी योद्धाने एकट्या प्रदीप नरवालसाठी १ कोटी ६५ लाख दिले.

तेव्हा या संघाचे वय पाहून अनेकांना शंका वाटली होती, आणि ती अगदी निराधार नव्हती. अजय ठाकूर हा २०१६ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्याचा नायक, पण दिल्लीला त्याचा मैदानावर फार उपयोग झाला नाही. वर मांडलेला नियम इथेही लागू पडला : जुना चढाईपटू मागे पडला आणि जुने बचावपटू उपयोगी पडले. हंगामाच्या मध्यात नवीनही काही सामने बाहेर होता. तरीही बचावफळी विस्कटली नाही. संघ गुणतक्त्यात दुसरा आला, उपांत्य फेरीत त्याने बेंगळुरूला ४०-३५ असे हरवले, आणि २५ फेब्रुवारी २०२२ ला पाटण्याविरुद्धचा अंतिम सामना ३७-३६ असा एका गुणाने जिंकला. त्या सामन्यात विजय मलिकने १४ आणि नवीनने १३ गुण घेतले. गुणफलकावर तरुण चढाईपटूंची नावे वर दिसतात, हे खरेच आहे. पण एका गुणाच्या सामन्यात शेवटच्या मिनिटांत घाईने झेप न घेणारी बचावफळी हीच खरी मिळकत असते आणि ती गुणफलकात उतरत नाही. आणखी एक गोष्ट दिल्लीच्या बाजूने गेली. कोविडमुळे तो पूर्ण हंगाम बेंगळुरूत एकाच ठिकाणी झाला. शहरामागून शहर असा प्रवास टळला, आणि तो जाणत्या शरीरांना तरुणांपेक्षा अधिक मानवला असणार.

मूळ किमतीला खेळाडू तयार होतो, याचे एक कारण लीगच्या बाहेर आहे. भारतीय कबड्डीपटूंपैकी अनेकांना रेल्वे, पोलीस, सेनादल किंवा तेल कंपन्यांत क्रीडा कोट्यातून नोकरी मिळालेली असते. अजय ठाकूर हिमाचल प्रदेश पोलिसांत उपअधीक्षक आहे. घर पगारावर चालत असेल तर लीगची रक्कम वरकड ठरते आणि खेळत राहण्याची ओढ भावापेक्षा मोठी होते. नोकरी नसलेल्या खेळाडूची गोष्ट मात्र फार वेगळी आणि कठोर आहे. त्याच्यासाठी उतरलेला भाव म्हणजे घटलेले वर्षाचे उत्पन्न असते.

नाव पाहून केलेली स्वस्त खरेदी फसते, याचेही ठळक उदाहरण आहे. यू मुंबाला २०१५ चे विजेतेपद मिळवून देणारा अनुप कुमार २०१८ मध्ये जयपूरकडे ३० लाखांत गेला. भारताच्या विश्वविजेत्या कर्णधारासाठी ही रक्कम थोडीच. पण त्याच्याकडून अपेक्षा चढायांची आणि नेतृत्वाची, दोन्हींची होती. जयपूर बाद फेरीत पोहोचला नाही आणि हंगाम चालू असतानाच डिसेंबर २०१८ मध्ये अनुपने निवृत्ती जाहीर केली. त्याच लिलावात यू मुंबाने ३६.४ लाखांत घेतलेला सिद्धार्थ देसाई हा चंदगड तालुक्यातला, फारसा परिचित नसलेला तरुण होता. त्या हंगामात त्याने दोनशेहून अधिक गुण मिळवले आणि २०१९ मध्ये तेलुगू टायटन्सने त्याला १ कोटी ४५ लाखांना नेले. मुख्य चढाईच्या जागेवर कमी पैसे लावायचे असतील तर ते न चमकलेल्या तरुणावर लावावेत, जुन्या नावावर नव्हे, असे या दोन खरेद्या शेजारी ठेवल्यावर दिसते.

इतर खेळांत हा बाजार अधिक नियमबद्ध आहे. युरोपातल्या फुटबॉलमध्ये १९९५ च्या बोसमन निकालानंतर करार संपलेला खेळाडू हस्तांतर शुल्काशिवाय दुसऱ्या संघात जाऊ शकतो. अमेरिकी फुटबॉलमध्ये मोकळ्या खेळाडूंची पद्धत १९९३ पासून आणि संघाच्या पगारावरची मर्यादा १९९४ पासून आहे. तिथे जितकी वर्षे खेळलेली तितके किमान वेतन जास्त. त्यामुळे संघ जुन्यांना टाळून नवख्यांनाच घेतील अशी भीती होती. त्यावर तोडगा म्हणून जुन्या खेळाडूला किमान वेतनाचा एक वर्षाचा करार दिला, तर मर्यादेत त्यातली कमी रक्कमच मोजली जाते. खेळाडूला पूर्ण पैसे मिळतात आणि संघाच्या हिशेबावर ताण येत नाही. कबड्डीत अशी सवलत नाही. जाणत्या खेळाडूचे संरक्षण होते ते केवळ त्याच्या मूळ किमतीच्या गटाने, आणि त्या किमतीलाही बोली आली नाही तर तो घरी बसतो. २०२१ मध्ये १.६५ कोटींना गेलेला प्रदीप नरवाल २०२४ मध्ये ७० लाखांवर आला. २०२५ मध्ये त्याच्यावर बोलीच लागली नाही आणि त्याने निवृत्ती घेतली.

सातारा-सांगलीच्या गावोगावी यात्रेच्या दिवसांत प्रकाशझोतात होणाऱ्या कबड्डी स्पर्धांतही हाच हिशेब लहान प्रमाणावर चालतो. मंडळाकडे वर्गणीतून जमलेली रक्कम असते. ती एका नावाजलेल्या चढाईपटूच्या मानधनात घालवायची, की त्याच पैशांत दोन जुने कोपरारक्षक आणून चढाया गावच्या पोरांकडे द्यायच्या, हे ठरवावे लागते. स्पर्धा दोन-तीन दिवसांची असेल आणि एका रात्रीत दोन सामने येणार असतील, तर थकवा उतरायला वेळ लागणाऱ्या जुन्या खेळाडूला पहिल्या सामन्यात राखून ठेवावे लागते. मातीवर घडलेल्या खेळाडूला मॅटवर उतरवण्याआधी त्याच्या गुडघ्याची आणि घोट्याची चौकशी करावी लागते, कारण मॅटवर पाय मातीसारखा घसरत नाही, तिथल्या तिथे अडकतो. आणि त्याला बोलावताना जागा आधी सांगावी लागते : डावा कोपरा की उजवा, पूर्ण चाळीस मिनिटे की फक्त उत्तरार्ध.