थांबून पाहणारं यंत्र

बंगळूरच्या महादेवपुरा मतदारसंघातलं व्हाइटफील्ड म्हटलं की डोळ्यांपुढे येतात आयटी पार्क आणि तुंबलेला ट्रॅफिक. पण २००० साली सुरू झालेलं जीईचं जॉन एफ. वेल्श तंत्रज्ञान केंद्र इथलंच आणि काडुगोडी औद्योगिक वसाहतीतला विप्रो-जीईचा कारखानाही इथलाच. २०२२ मध्ये या कंपनीने 'रेव्होल्यूशन अस्पायर' हा भारतात बनवलेला सीटी स्कॅनर बाजारात आणला.

सीटीचा पहिला रुग्ण १९७१ मध्ये लंडनला तपासला गेला. यंत्राचे जनक गॉडफ्री हौन्सफील्ड. चित्रातल्या प्रत्येक ठिपक्याची घनता आजही त्यांच्याच नावाच्या मापात मोजतात: पाणी शून्य, हवा उणे हजार.

या यंत्राचा कस लागतो तो हिमँजिओमासारख्या गाठीत. रक्तवाहिन्यांची ही गाठ कर्करोगाची नसते. दोन फुप्फुसांच्या मधल्या जागेतल्या गाठींमध्ये ती दोनशेत एखादीही सापडत नाही. अनेकदा त्रास काहीच नसतो. भलत्याच कारणासाठी काढलेल्या एक्स-रेत सावली दिसते आणि घरच्यांच्या पोटात गोळा येतो.

आधी साधा स्कॅन होतो. गाठीत कॅल्शियमचे बारीक गोल खडे दिसले तर निदानाला मोठाच आधार मिळतो, पण ते दहातल्या एखाद्याच रुग्णात असतात. मग हाताच्या शिरेतून आयोडीनयुक्त डाय सोडतात. अंगभर ऊब पसरते, स्पीकरवरून 'श्वास रोखा' असं सांगितलं जातं आणि टेबल गँट्रीत, म्हणजे यंत्राच्या गोल कड्यात, सरकतं. छाती काही सेकंदांत टिपून होते. पण इथेच 'अति घाई संकटात नेई'. गाठीतल्या फुगलेल्या पोकळ्यांत रक्त संथ वाहतं. त्यामुळे सुरुवातीच्या चित्रात डाय कडेला कुठे कुठे साचलेला दिसतो, मधला भाग काळाच राहतो. काही मिनिटांनी पुन्हा स्कॅन केला की तोच काळा भाग हळूहळू उजळलेला आढळतो. पहिल्याच चित्रावर थांबलं, तर ही गाठ थायमोमा किंवा लिम्फोमासारखी दुसरीच गाठ समजली जाऊ शकते.

शंका उरली तर एमआरआय. त्याच्या टी-टू चित्रात संथ रक्ताची ही गाठ लख्ख पांढरी दिसते. तरीही खूण प्रत्येक वेळी इतकी स्पष्ट नसते. अनेकदा गाठ काढल्यावर सूक्ष्मदर्शकाखालीच शिक्कामोर्तब होतं. पण रिपोर्टमध्ये 'हिमँजिओमाची शक्यता' एवढं आलं, तरी रक्तस्रावाच्या भीतीने सुई टोचून तुकडा घ्यायचा की नाही याचा डॉक्टर दोनदा विचार करतात आणि ऑपरेशन ठरलंच तर रक्ताच्या पिशव्या आधीच मागवून ठेवतात.