मोदकपात्राचे झाकण उघडताना

गणेशोत्सव जवळ आला, की मंडळाच्या स्वयंपाकघरात आम्हा स्वयंसेवकांची उकडीच्या मोदकांसाठी लगबग सुरू होते. मुलेही हौसेने मदतीला येतात. म्हणून यंदा मोदकपात्रातल्या वाफेविषयी चार शब्द.

शून्य अंशाचे एक ग्रॅम पाणी शंभर अंशांपर्यंत तापवायला सुमारे १०० कॅलरी उष्णता लागते. त्याच पाण्याची वाफ करायला मात्र आणखी ५४० कॅलरी लागतात आणि तापमान तर शंभरच्या वर जात नाही! ग्लासगो विद्यापीठात शिकवणाऱ्या जोसेफ ब्लॅक यांनी ही लपलेली उष्णता १७६० च्या दशकात ओळखली. शाळेत आपण तिला 'अप्रकट उष्मा' म्हणत होतो.

ही उष्णता वाया जात नाही. वाफ मोदकाच्या गार पारीवर बसून तिचे पाणी झाले, की ती परत मिळते. मोदक शिजतो तो त्यामुळेच. पण हातावर वाफ आली तरी तेच घडते. उकळते पाणी त्वचेइतके निवताना ग्रॅममागे सुमारे ६५ कॅलरी देते. वाफ देते सहाशेहून अधिक.

तेव्हा झाकणाची पलीकडची कड आधी उचलावी, म्हणजे वाफ आपल्या अंगावर येत नाही. मुलांना मोदक वळायला बसवावे, पण शेगडीपासून लांब. भाजलेच, तर बर्फ किंवा टूथपेस्ट लावू नये. अंगठी-बांगड्या काढून हात वीस मिनिटे नळाच्या गार पाण्याखाली धरावा. फोड आल्यास डॉक्टरांना दाखवावे.

गणपती बाप्पा मोरया!