मासा कुठंय? आधी पाण्याला विचारा!

मुलांनो, मे महिना आला की निगडी-चिंचवडच्या घराघरांत एक लकडा सुरू होतो. "मामा, धरणावर कधी नेणार?" समजा, तुमचा मामा चाकणच्या एखाद्या कारखान्यात आहे. त्याची पाळी बदलते, कसाबसा एक रविवार मोकळा मिळतो. मग काय, गळ, गांडुळांचा डबा, भाकरी-चटणी असं सगळं घेऊन स्वारी निघते पवना धरणाकडे. पोचता पोचता दहा वाजतात. बाराच्या उन्हापर्यंत गळ टाकून बसायचं, नाक लाल करून घ्यायचं आणि रिकाम्या हातानं परत यायचं!

परतताना एक जण म्हणतो, "धरणात मासेच नाहीत." दुसरा म्हणतो, "आपला गळच साधा. रीळवाली काठी हवी होती."

दोघांचंही चुकलं बरं का! मासे होते आणि गळही ठीक होता. फक्त मासा एकीकडे होता आणि गळ दुसरीकडे. कोणती पद्धत वापरायची हे दुकानात ठरत नाही, ते पाण्याकडे पाहून ठरतं. उन्हाळ्यात तर नक्कीच.

गरम सोड्याची गोष्ट

थंड सोड्याची बाटली उघडली तर हळूहळू फसफसते. उन्हात तापलेली बाटली उघडून पाहा, अर्धा सोडा अंगावर! कारण गरम पाण्यात वायू कमी मावतो. प्राणवायूचंही तसंच. २० अंश सेल्सिअसच्या एक लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना जेमतेम साडेसात. आणि गंमत अशी, की पाणी तापलं की माशाची भूक आणि धाप दोन्ही वाढतात. म्हणजे गरज जास्त, पुरवठा कमी.

खोल धरणात आणखी एक भानगड होते. वरचं पाणी तापून हलकं होतं आणि खालच्या थंड, जड पाण्यावर पांघरुणासारखं पसरतं. वारा नसला तर दोन्ही थर एकमेकांत मिसळत नाहीत. वर उकाडा, तर अगदी तळाशी प्राणवायूची टंचाई! मग मासा काय करतो? दुपारी मधल्या, जरा गार थरात उतरतो. पहाटे आणि संध्याकाळी काठाजवळ चरायला येतो. आता कळलं, दहा वाजताचा गळ का रिकामा राहिला?

अमेरिकेतल्या तलावांवर हीच कसरत 'पट्टेवाला बास' नावाच्या माशासाठी चालते. हा मूळचा समुद्रातला मासा, अंडी घालायला नदीत शिरणारा. १९४० च्या दशकात दक्षिण कॅरोलिना राज्यात नव्या धरणांमागे काही बास अडकले आणि गोड्या पाण्यातच वाढू लागले. पुढे अनेक तलावांत ते मुद्दाम सोडले गेले. मोठ्या बासला थंड पाणी लागतं. उन्हाळ्यात वर उष्मा आणि खाली प्राणवायू नाही, अशा कात्रीत तो सापडतो. म्हणून तिथले गळवाले आधी पाण्यात तापमापक सोडतात, मग गळ!

तोंड पाहून थर ओळखा

आपल्याकडे तापमापकाची गरज नाही. बाजारात गेलात की माशांची तोंडं नीट बघा.

कटल्याचा खालचा जबडा वर वळलेला असतो, म्हणून तो वरच्या थरात खातो. रोहू मधल्या थरातला. मृगळाचं तोंड खाली झुकलेलं, तो तळाचा गाळ चाळतो. हे तिघं मूळचे गंगेच्या खोऱ्यातले. साचलेल्या पाण्यात ते सहसा अंडी घालत नाहीत, म्हणून त्यांची पिल्लं धरणांत सोडावी लागतात. लांब मिशांचा शिंगाडा तळाशी असतो आणि अंधार पडला की फिरतो. मरळ मात्र वेगळीच! ती पाण्यावर येऊन हवेतला श्वास घेते, त्यामुळे तापलेल्या, शेवाळलेल्या उथळ पाण्यातही मजेत राहते.

मग पद्धत कोणती?

*बुचाचा गळ :* बांबूची काठी, तंगूस, बूच आणि छोटा गळ. आमिष म्हणून कणकेची गोळी किंवा गांडूळ. पहाटे काठाजवळच्या पाण्यासाठी आणि नवशिक्यांसाठी याहून चांगलं काही नाही. बूच वर सरकवलं की आमिष खोल जातं, खाली आणलं की वर येतं. एवढ्याशा बुचानं तुम्ही थर बदलू शकता!

*शिशाचा गळ :* शिसं बांधून आमिष तळावर बसवायचं. मृगळ आणि शिंगाड्यासाठी हाच बरा. पण भर दुपारी फार खोल टाकू नका. जिथं प्राणवायू नाही तिथं मासाही नाही.

*रीळ आणि चमचा :* चकाकणारा धातूचा चमचा फेकून ओढत आणायचा. लहान मासा पळतोय असं वाटून मरळ झडप घालते. पण याला सराव हवा आणि मागे मोकळी जागा हवी, नाहीतर गळ मामाच्या टोपीत!

*जाळं :* फेकायचा पाग किंवा पाण्यात उभं सोडायचं जाळं. ही आपली पद्धत नव्हे. भोई आणि कातकरी मच्छीमारांची ती रोजीरोटी आहे. धरणातल्या मासेमारीचा हक्क बहुधा मच्छीमार सहकारी संस्थेकडे ठेक्यानं असतो. म्हणून गळ टाकण्याआधीही तिथं विचारायचं.

जागा कोणती निवडायची? मेमध्ये पाणी खाली गेलं की जुन्या नदीचा खोल पट्टा ओळखू येतो. त्याच्या कडेला बसा. किंवा ज्या काठावर वारा लाटा आणून आपटतो तो काठ निवडा. तिथं पाण्यात हवा मिसळते.

सोपं आहे म्हणून पकडायचं?

आता खरा प्रश्न. मेअखेर धरण आटतं, मासे थोड्या पाण्यात दाटीवाटीनं राहतात आणि पकडायला सोपे होतात. पण पावसाळा तोंडावर आलेला असतो आणि अनेक जातींच्या माद्यांच्या पोटात अंडी असतात. अशी एक मादी गेली की तिच्याबरोबर हजारो पिल्लं गेली.

इथं पद्धत महत्त्वाची ठरते. मोठ्या आसाचं जाळं लहान माशांना निसटू देतं. मच्छरदाणीसारखं जाळं बोटाएवढी पिल्लंही उचलतं. सुरुंग आणि विष तर कुणालाच सोडत नाहीत. १८९७ च्या मत्स्य कायद्यानंच ते गुन्हे ठरवले आहेत. गळाचं वैशिष्ट्य हे, की मासा हातात आल्यावरही ठेवायचा की सोडायचा हे तुम्ही ठरवू शकता.

महासीरचं उदाहरण घ्या. दख्खनच्या महासीरची शास्त्रीय नोंद कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये केली, तीही आपल्या पुण्याच्या मुळा-मुठेतल्या माशावरून. पुढे हा मासा दुर्मीळ होत गेला. १९७० च्या दशकात लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या वीज कंपनीनं त्याची पैदास सुरू केली, ती अनेक वर्षं चालली आणि लाखो पिल्लं वेगवेगळ्या पाण्यांत गेली. एक मासा परत आणायला इतकी वर्षं लागतात. घालवायला एक उन्हाळा पुरतो.

पण सोडायचा तर नीट सोडा. तापलेल्या पाण्यात फार वेळ झुंजवलेला मासा सोडल्यावरही मरू शकतो. बासच्या बाबतीत अमेरिकेत हेच दिसलं. म्हणून मासा खेळवत बसू नका, लवकर जवळ आणा. हात ओले करा, कोरड्या हातानं त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. शक्यतो पाण्यातच गळ काढा. गळाचा उलटा काटा घरीच पकडीनं दाबून ठेवलात तर गळ चटकन सुटतो. आणि पहाटे डबक्यात मासे वर येऊन तोंड उघडत असतील, तर गळ टाकूच नका. ते खायला नाही, श्वासासाठी आलेले असतात.

निघण्याआधी वाचा

• मोठ्या माणसाशिवाय पाण्यावर जायचं नाही. धरणात आणि खाणीच्या पाण्यात उतरायचं नाही. काठचा गाळ वरून कडक दिसतो आणि पाय ठेवताच आत घेतो. गळ अडकला तर तंगूस तोडा.

• वळवाचा ढग गडगडला की काठी खाली ठेवा आणि पाण्यापासून दूर व्हा. उंच धरलेली काठी विजेला आमंत्रण देते.

• शहरातून वाहून गेलेल्या नदीत सांडपाणी मिसळतं. तिथला मासा खाऊ नका.

• तुटलेली तंगूस खिशात घालून घरी आणा. ती पाणपक्ष्यांच्या पायांत गुंतते.

पवना धरण १९७२ मध्ये पुरं झालं. तिथून सोडलेलं पाणी रावेतच्या बंधाऱ्यावर उचलतात, निगडीला शुद्ध करतात आणि मग ते पिंपरी-चिंचवडच्या नळांना येतं. म्हणजे ज्या पाण्यात तुम्ही गळ टाकता, तेच सोमवारी तुमच्या शाळेच्या बाटलीत असतं.

तर या रविवारी मामाला पहाटे चारला उठवा. काठावर गेल्यावर गळ लगेच बाहेर काढू नका. दहा मिनिटं नुसतं पाणी बघा. वारा कुठला, बुडबुडे कुठे, कोण कुठं उडी मारतंय. मग बूच सरकवा. आणि पोटफुगी मादी लागली, तर मामाला सांगा, "हिला जाऊ दे. पुढच्या वर्षी पुन्हा यायचंय ना आपल्याला?"