काडतूस घरी भरताना : गैरसमज आणि वस्तुस्थिती

अमेरिकेत स्वतःच्या वापरापुरतं काडतूस घरी भरायला केंद्रीय परवाना लागत नाही. भारतात शस्त्र अधिनियम, १९५९च्या कलम ५नुसार परवान्याशिवाय हेच काम गुन्हा ठरतं आणि २०१९च्या दुरुस्तीनंतर शिक्षा सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत आहे. त्यामुळे पुढचा मजकूर अमेरिकेत राहून तिथल्या रेंजवर जाणाऱ्या मराठी नेमबाजांसाठी आहे.

नवखा माणूस सगळ्यात आधी काडतूस भरायच्या यंत्राचीच चौकशी करतो. वेगवान, महागडं यंत्र घेतलं की काम चोख होणार, असा त्याचा समज असतो. प्रोग्रेसिव्ह प्रेसच्या दांड्याच्या प्रत्येक ओढीला एक तयार काडतूस बाहेर पडतं हे खरं. पण त्याच ओढीत चार-पाच क्रिया एकदम होतात आणि नजर कुठे ठेवायची ते कळत नाही. सिंगल-स्टेज प्रेसवर एका वेळी एकच क्रिया होते. दारू भरलेल्या पुंगळ्या ठोकळ्यात ओळीने उभ्या राहतात आणि गोळी बसवण्याआधी बॅटरीच्या उजेडात प्रत्येकीत डोकावता येतं. माझ्या मते शिकणाऱ्याने हेच यंत्र घ्यावं.

हे डोकावणं किती मोलाचं आहे, ते '.३८ स्पेशल'वरून कळतं. हे काडतूस काळ्या दारूच्या काळातलं, १८९८च्या सुमाराचं, म्हणून त्याची पुंगळी ऐसपैस. आजची धूरविरहित दारू तिचा थोडाच भाग व्यापते. चुकून दुप्पट दारू पडली तरी ती सांडत नाही, गोळीही व्यवस्थित बसते, आणि रिव्हॉल्व्हर हातात फुटू शकतं.

मग कमी दारू सुरक्षित का? तेही नाही. दारू पडलीच नाही, तर नुसत्या प्रायमरच्या (दारू पेटवणाऱ्या टोपीच्या) जोराने गोळी नळीत अडकते आणि तिच्यामागून झाडलेली दुसरी गोळी नळी फोडू शकते. प्रमाण दारू उत्पादकाच्या ताज्या पुस्तिकेतूनच घ्यावं, तेही गोळीचं वजन, आकार आणि काडतुसाची एकूण लांबी जुळवून. ९ मिमीच्या छोट्या पुंगळीत गोळी जराशी खोल बसली तरी दाब झपाट्याने वाढतो. म्हणून चांगला तराजू, तो तपासायची वजनं आणि कॅलिपर यांच्यावर आधी खर्च करावा.

पितळ दिसलं की पुंगळी चालते, हाही गैरसमजच. बॉक्सर पद्धतीच्या पुंगळीच्या तळाला मधोमध एकच छिद्र असतं, त्यामुळे जुना प्रायमर सहज निघतो. बर्डन पद्धतीच्या पुंगळीत बहुधा बाजूला दोन छिद्रं असतात. तिथे प्रायमर काढायची नेहमीची पिन मोडते. '.४५ एसीपी'च्या पुंगळ्या लहान आणि मोठ्या अशा दोन्ही प्रायमरच्या मिळतात, त्या आधीच वेगळ्या कराव्यात.

शिशाचा धोका फक्त गोळीत नसतो. बहुतेक प्रायमरमध्ये शिशाचं संयुग असतं. कोरड्या यंत्रात पुंगळ्या घासताना त्याची धूळ उडते आणि लहान मुलांना ती सर्वाधिक बाधते. पुंगळ्या पाण्यात धुवाव्यात, काडतूस भरायचं टेबल स्वयंपाकघरापासून लांब ठेवावं आणि उठल्यावर हात साबणाने स्वच्छ करावेत.