बायपासनंतरचा दाह : दोष घराण्याच्या रक्ताचा?

साताऱ्यातला माण-खटावचा असो की सांगलीतला जत-आटपाडीचा, बायपासचा किंवा व्हॉल्व्हचा पेशंट कराड, मिरज, पुणे गाठतो तेव्हा गावभरचे सल्लेही सोबत असतात. त्यातले काही जिवावर बेततात.

गैरसमज : ऑपरेशननंतर ताप आला म्हणजे आत पू झाला.
वस्तुस्थिती : दर वेळी नाही. हृदय थांबवून ऑपरेशन करतात तेव्हा रक्त हार्ट-लंग मशीनच्या नळ्यांतून फिरतं. त्या परक्या नळ्यांचा स्पर्श होताच शरीराची संरक्षणयंत्रणा खवळते आणि इंटरल्यूकिन-6 सारखी दाहक प्रथिनं वाढतात. जंतू नसतानाही असा दाह होतो. बहुतेकांत तो ओसरतो. काहींच्या हृदयाची लय बिघडते, फुप्फुसं आणि मूत्रपिंडं थकतात. ताप कशाचा, हे मात्र डॉक्टरांनी तपासूनच ठरवायचं.

गैरसमज : थोरल्या भावाला त्रास झाला, म्हणजे आमच्या रक्तातच आहे. ऑपरेशन नकोच.
वस्तुस्थिती : जनुकांचा वाटा असू शकतो. 2003 साली इटलीतल्या संशोधकांनी बायपासचे 110 रुग्ण तपासले. इंटरल्यूकिन-6 च्या जनुकाचा ठरावीक प्रकार असलेल्यांत हे प्रथिन जास्त वाढलं आणि हृदयाची लयही जास्त वेळा बिघडली. पण वय, मधुमेह, मूत्रपिंडांची स्थिती, मशीनवर गेलेला वेळ यांचंही वजन असतं. कल म्हणजे विधिलिखित नव्हे. गरजेचं ऑपरेशन भीतीपोटी लांबवणं घातक ठरतं.

गैरसमज : आधी जनुकीय चाचणी केली की सगळं कळतं.
वस्तुस्थिती : अनेक जनुकांचा थोडाथोडा परिणाम होतो, त्यामुळे एका चाचणीवरून एका माणसाचं भाकीत करता येत नाही. ऑपरेशनपूर्वी अशी चाचणी सर्रास केली जात नाही. त्यासाठी कर्ज काढू नका.

गैरसमज : सगळ्यांनाच स्टेरॉइड दिलं की दाह टळतो.
वस्तुस्थिती : 18 देशांतल्या 7,507 रुग्णांवरचा अभ्यास 2015 साली प्रसिद्ध झाला. मशीनवरच्या ऑपरेशनवेळी दिलेल्या स्टेरॉइडने मृत्यू किंवा मोठी गुंतागुंत कमी झाली नाही.

हातात काय आहे? घरात कुणाला ऑपरेशननंतर त्रास झाला असेल तर सर्जनना आधीच सांगा. साखर आटोक्यात आणा. तंबाखू सोडा, आणि घरातल्या बायकांची मिश्रीही. तीही तंबाखूच आहे. घरी आल्यावर, अगदी काही आठवड्यांनीही, ताप आला, धाप लागली किंवा खोल श्वास घेताना छातीत कळ आली, तर हृदयाच्या आवरणाला सूज आलेली असू शकते. त्यावर औषध आहे. अंगारा-काढा करत दिवस घालवू नका, ऑपरेशन झालं त्या रुग्णालयात लगेच जा.