निळू फुले : सत्ता आतून ओळखणारा नट

निळू फुले म्हटलं की बहुतेकांना आठवतो तो बायाबापड्यांवर नजर ठेवणारा, बेरकी पाटील. ही आठवण खोटी नाही. पण तेवढ्यावर थांबलो तर एका फार मोठ्या नटाला आपण लहान करून ठेवू.

1930 साली जन्मलेले फुले वाढले राष्ट्र सेवा दलाच्या संस्कारात. पुण्यातल्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करता करता ते सेवा दलाच्या कलापथकात उभे राहिले. 1957 च्या निवडणुकीआधी त्यांनी ‘येरा गबाळ्याचे काम नोहे’ हा वग लिहिला. पुढे ‘कथा अकलेच्या कांद्याची’ या लोकनाट्याने नाव झालं आणि अनंत मानेंच्या ‘एक गाव बारा भानगडी’तल्या झेलेअण्णांनी 1968 साली पडदा खुला केला. पुढाऱ्याची नक्कल करून लोकांना हसवायचं आणि शहाणंही करायचं, ही वगाची रीत. सत्तेकडे खालून बघायची सवय त्यांना तिथेच लागली.

1972 साली कमलाकर सारंगांनी ‘सखाराम बाइंडर’ रंगमंचावर आणलं. टाकलेल्या बायकांना आपल्या अटींवर आसरा देणारा हा पुरुष फुल्यांनी उभा केला. नाटकाला सेन्सॉरशी आणि न्यायालयात झगडावं लागलं.

जब्बार पटेलांच्या ‘सामना’त (1975) ते साखरसम्राट हिंदुराव धोंडे पाटील झाले. गावात आलेल्या दारुड्या मास्तरला हिंदुराव वाड्यावर नेतो, खाऊपिऊ घालतो, मान देतो. आवाज चढवायची त्याला गरजच नाही. अख्खं गाव त्याच्या मुठीत आहे. फुले शब्द सावकाश सोडतात, नजर मात्र समोरच्याला तोलत असते. डॉ. श्रीराम लागूंचा मास्तर गावातून नाहीशा झालेल्या मारुती कांबळेबद्दल जसजसा विचारत सुटतो, तसतशी पाटलाच्या आदरातिथ्याखालची भीती उघडी पडते. खलनायकालाही भीती असते, हे त्यांनी दाखवलं.

चारच वर्षांनी ‘सिंहासन’ आला. दिग्दर्शक पटेलच, पटकथाही ‘सामना’सारखीच विजय तेंडुलकरांची. पण आता फुले होते पत्रकार दिगू टिपणीस. मंत्री, आमदार, दलाल सगळे त्याच्याशी बोलतात आणि तो ऐकत राहतो. हिंदुरावाकडे सगळी सत्ता, दिगूकडे नुसती माहिती. ती माहिती पचवता न आल्याने तो शेवटी कोलमडतो. ‘सारांश’मधला (1984) पुढारी गजानन चित्रे पाहताना पुन्हा जाणवतं, की त्यांच्या लेखी दोन पुढारी कधीच सारखे नव्हते.

पडद्याबाहेर ते समाजवादी चळवळीत आणि अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात राहिले. सामाजिक कृतज्ञता निधीसाठी लागूंसोबत ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग केले. 1991 साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. 2009 च्या जुलैत ते गेले.

चित्रपटसृष्टीने त्यांना शेकडो वेळा एकाच वाड्यात बसवलं, हा तिचा आळस. त्यांची खरी झेप मोजायची तर ‘सामना’ आणि ‘सिंहासन’ एकापाठोपाठ पाहावेत. ज्याने सत्तेशी आयुष्यभर भांडण मांडलं, त्यालाच तिचा चेहरा इतका नेमका रंगवता आला.