मलकापुरात पिनबॉल: गल्ल्याचा हिशेब

पिनबॉलचे दालन छोटा धंदा म्हणून परवडेल की नाही, हे गिऱ्हाईक किती येईल यावर जेवढे ठरते, त्याहून जास्त यंत्र केवढ्याला पडते आणि धंदा बसल्यावर त्याचे काय करायचे यावर ठरते. अमेरिकेत शिकागोच्या उपनगरात स्टर्न पिनबॉल ही कंपनी अशी यंत्रे आजही बनवते. तिचे ‘प्रो’ श्रेणीचे, म्हणजे सर्वांत साधे नवे यंत्र तिकडे सात हजार डॉलरच्या आसपास विकले जाते. रुपयांत ते सहा लाख झाले. त्यावर जहाजभाडे, सीमाशुल्क, अधिभार, आयजीएसटी आणि न्हावा शेवा बंदरापासून कराडपर्यंतचा टेम्पो धरला, तर शंभर किलोंहून जड असा तो एक खोका कराडशेजारच्या मलकापुरात उतरेपर्यंत नऊ-दहा लाखांना पडतो. एवढ्या पैशांत चांगला ट्रॅक्टर येतो, आणि चार वर्षे वापरलेल्या ट्रॅक्टरलाही बाजारात गिऱ्हाईक असते. जुन्या पिनबॉल यंत्राला सातारा-सांगलीत विचारणारा कोणी नाही. अमेरिकेत हौशी संग्राहक अशी यंत्रे घरी ठेवायला विकत घेतात, त्यामुळे तिथला दालनवाला धंदा गुंडाळताना भांडवलाचा मोठा हिस्सा परत मिळवतो. इथे ते भांडवल अडकते ते अडकतेच.

एवढी किंमत कशाची, हे काचेखाली पाहिले की कळते. साडेसहा अंशांच्या उतारावर ठेवलेली रंगवलेली लाकडी फळी, तिच्यावर २७ मिलिमीटर व्यासाचा, ८० ग्रॅम वजनाचा पोलादी गोळा आणि तो खाली पडू नये म्हणून खेळणाऱ्याच्या बोटांखालच्या बटणांनी हलणारे दोन फ्लिपर, म्हणजे गोळा परतवणारे हात, असा हा खेळ. एकेका फ्लिपरच्या मागे तांब्याच्या तारेचे वेटोळे असते. जुन्या पद्धतीच्या यंत्रात त्याच्या दोन गुंडाळ्या असतात. बटण दाबताच पहिली, जोराची गुंडाळी दांडा खेचते. दांडा टोकाला पोहोचला की एक बारीक स्विच उघडतो आणि पुढचे काम दुसऱ्या, कमी प्रवाहाच्या गुंडाळीवर जाते. हा स्विच काजळी धरून नीट उघडेनासा झाला तर पहिली गुंडाळी तापत राहते आणि शेवटी जळते. यंत्राच्या पोटात एका कड्यातून लोंबणारा लंबकही असतो. खेळणाऱ्याने चिडून यंत्र हलवले आणि लंबक कड्याला टेकला, की ‘टिल्ट’ होऊन फ्लिपर मरतात आणि तो गोळा गेला. असे शेकडो हलते भाग एका पेटीत बसवलेले असल्यामुळे हे यंत्र मोठ्या प्रमाणावर स्वस्तात निघत नाही.

नव्वदच्या दशकातले व्हिडिओ गेमचे पार्लर नेमके याच बाबतीत वेगळे होते. महाराष्ट्रात तालुक्याच्या गावी, एसटी स्टँडजवळच्या गाळ्यात जी यंत्रे असत, ती म्हणजे प्लायवूडची पेटी, टीव्हीची पिक्चर ट्यूब, एक सर्किट बोर्ड आणि दोन दांड्या. मुले ज्याला ‘मुस्तफा’ म्हणत तो कॅपकॉम कंपनीचा १९९३ चा ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ हा खेळ शिळा झाला, की त्याच पेटीत दुसरा बोर्ड बसायचा. दांडी तुटली तर सुतार आणि ट्यूब गेली तर गावातलाच टीव्ही मेकॅनिक पुरे. भांडवल कमी, दुरुस्ती गावात आणि खेळ बदलायला एक दिवस, म्हणून तो धंदा रुपया-दोन रुपयांच्या टोकनवर तगला. घरोघरी संगणक आणि मग मोबाइल आल्यावर तोही गेला. पिनबॉल मराठी मुलांनी पाहिला तो बहुतेक विंडोज एक्सपीच्या पडद्यावर, फुकट. त्या खेळाची आठवण असलेली पिढी आज तिशी-चाळिशीत आहे. तिला कुतूहल वाटेल, पण कुतूहलाचे गिऱ्हाईक एकदा-दोनदा येते.

मलकापूरची जागा मात्र वाईट नाही. पुणे-बंगळूर महामार्गावर कराडला लागून असलेले हे गाव आता कराडपासून वेगळे ओळखूही येत नाही. कृष्णा हॉस्पिटल आणि त्याचे वैद्यकीय, दंतवैद्यक, नर्सिंग, फिजिओथेरपीचे शिक्षण इथेच चालते. बाहेरगावची मुले-मुली वसतिगृहांत आणि आगाशिवनगरच्या भाड्याच्या खोल्यांत राहतात, आणि संध्याकाळी सात ते दहा त्यांना जायला जागा लागते. त्यात रुग्णांचे नातेवाईक, ढेबेवाडी फाट्यावरची वर्दळ, आणि उसाची बिले जमा झाली की कराडच्या बाजारात फिरणारा पैसा. उलट बाजूही आहे. परीक्षेच्या महिन्यात आणि सुट्टीत हीच मुले दिसत नाहीत. महामार्गाच्या सहापदरीकरणातला उड्डाणपूल लांबची वाहने डोक्यावरून नेण्यासाठीच आहे, तेव्हा रस्त्यावरून जाता-जाता थांबणारा प्रवासी धरून चालता येत नाही. २०११ च्या जनगणनेत खुद्द कराड शहराची लोकसंख्या ५० हजारांच्या थोडी वर होती. म्हणजे रोजचे गिऱ्हाईक हे विद्यार्थी आणि आसपासची कुटुंबे एवढेच.

आता आकडे मांडून पाहावेत. ते नमुन्याचे आहेत, पण फार फुगवलेले नाहीत. सहा यंत्रे घेतली तर ६० लाख रुपये. एका यंत्रावर दिवसाला सरासरी २० डाव झाले, डावाचे २० रुपये घेतले, तर एका यंत्राचे दिवसाला ४०० आणि सहा यंत्रांचे महिन्याला ७२ हजार. गाळ्याचे भाडे २५ हजार, दोन पाळ्यांची दोन मुले २४ हजार, व्यापारी दराचे लाइट बिल सात हजार, सुटे भाग नऊ हजार. खर्च झाला ६५ हजार. हातात सात हजार उरतात. ६० लाखांवर ११ टक्क्यांनी नुसते व्याज महिन्याला ५५ हजार होते. विजेचा खर्च यात सर्वांत कमी त्रासाचा आहे, कारण एलईडीची नवी यंत्रे फार वीज खात नाहीत. एसीच जास्त खातो.

कर्ज पाच वर्षांत फेडायचे ठरवले तर दरमहा एक लाख मुद्दल, सुरुवातीचे ५५ हजार व्याज आणि ६५ हजार खर्च मिळून २ लाख २० हजारांचा गल्ला हवा. म्हणजे प्रत्येक यंत्रावर रोज ६१ डाव. नवखा खेळाडू एका डावाचे तीन गोळे दोन-तीन मिनिटांत घालवतो, पैसे टाकणे आणि माणूस बदलणे धरून चार मिनिटे. सहाही यंत्रे रोज चार तास सलग गुंतलेली राहिली पाहिजेत, आणि गर्दीची वेळ तर तीनच तासांची. शिवाय हा गल्ला वर्षाला २६ लाखांवर जातो. सेवा व्यवसायात वर्षाची उलाढाल २० लाखांपुढे गेली की जीएसटीची नोंदणी लागते. छोट्या सेवा देणाऱ्यांसाठी ५० लाखांपर्यंत सहा टक्क्यांची कंपोझिशन योजना आहे, पण ते सहा टक्केही खिशातूनच जातात, गिऱ्हाइकाकडून वेगळे घेता येत नाहीत. मुद्रा कर्जाच्या आशेवर असणाऱ्याने एवढे लक्षात घ्यावे, की ‘तरुण’ गटाची मर्यादा १० लाख आहे आणि ते कर्ज फेडलेल्यालाच पुढे २० लाखांपर्यंत मिळते. पहिले पूर्ण कर्ज एकाच यंत्रात संपते.

दुरुस्तीचा प्रश्न आकड्यांत नीट पकडता येत नाही. फ्लिपरचे वेटोळे, रबरी कडी, स्विच यांचा साठा परदेशातून मागवून ठेवावा लागतो. एक पन्नास रुपयांचा भाग नसल्यामुळे दहा लाखांचे यंत्र तीन आठवडे बंद राहू शकते. गोळा गुळगुळीत हवा. त्यावर गंजाचे ठिपके आले की तो फळीवरचे वॉर्निश खरवडतो, आणि खरवडलेली फळी बदलणे म्हणजे अर्धे यंत्र उघडणे. कराडकडचा पावसाळा आणि महामार्गाकडेची धूळ दोन्ही या यंत्राचे वैरी. आठवड्यातून एकदा काच काढून फळी पुसणारा, मीटर लावून स्विच तपासणारा माणूस पदरी हवा. तो शिकवून तयार करावा लागेल. कोणा मेकॅनिकला बोलावून भागणार नाही. मालकाला स्वतःला सोल्डरिंग येत असेल तर गोष्ट वेगळी, आणि जगभर टिकलेल्या छोट्या दालनांचे मालक बहुधा असेच असतात.

परवान्यांची बाजू किचकट आहे, पण अशक्य नाही. दोन-चारच माणसे कामाला असतील तर २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याखाली नुसती सूचना देऊन भागते, तिलाच लोक अजून गुमास्ता म्हणतात. सार्वजनिक करमणुकीच्या जागांचे नियम महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३३ खाली होतात, त्यामुळे पोलीस आणि जिल्हा दंडाधिकारी कार्यालय यांची पायरी चुकत नाही. करमणूक शुल्क १ जुलै २०१७ पासून जीएसटीत विरले. आगीबाबत मात्र ढिलाई चालणार नाही. राजकोटच्या गेम झोनला २५ मे २०२४ रोजी लागलेल्या आगीत मुलांसह पंचवीसहून अधिक माणसे गेली, आणि तेव्हापासून ‘गेम झोन’ हा शब्द ऐकला की अधिकारी आधी दुसरा जिना विचारतात. तो विचारलाच पाहिजे.

खरी अडचण जुगाराच्या संशयाची आहे. व्हिडिओ गेमच्या पाटीआड चक्रीचा जुगार चालवणाऱ्यांनी या धंद्याचे नाव आधीच घालवले आहे. १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्यात निव्वळ कौशल्याच्या खेळाला सूट आहे, आणि चमारबागवाला यांच्या बक्षीस-स्पर्धांवरच्या १९५७ च्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयाने जुगार आणि कौशल्य यांतली रेघ स्पष्ट केली. पिनबॉल रेघेच्या कोणत्या बाजूला, हा वाद न्यूयॉर्कमध्ये चौतीस वर्षे चालला. महापौर ला ग्वार्डिया यांनी १९४२ मध्ये तिथे पिनबॉलवर बंदी घातली, पोलिसांनी हातोड्यांनी यंत्रे फोडली. तेव्हाच्या यंत्रांना फ्लिपरच नव्हते. ते गॉटलिब कंपनीच्या ‘हम्प्टी डम्प्टी’त १९४७ मध्ये आले. त्याआधी गोळा सोडायचा आणि नशिबाकडे बघायचे, एवढेच हातात होते, त्यामुळे बंदीला थोडा आधार होता असे म्हणावे लागते. १९७६ मध्ये रॉजर शार्प नावाच्या तरुण पत्रकाराने नगरसभेच्या सदस्यांसमोर यंत्र खेळून दाखवले. गोळा कोणत्या वाटेने जाईल हे आधी सांगितले, गोळा सोडायचा दांडा ओढला आणि गोळा तिथूनच गेला. बंदी उठली. मलकापुरात यातून घ्यायचा धडा व्यवहाराचा आहे: डावाचे पैसे घ्यावेत, रोख बक्षीस कधीच ठेवू नये, आणि ‘जास्त गुण मिळवणाऱ्याला पाचशे रुपये’ असली पाटी तर लावूच नये.

मग याच जागेत, याच पोरांसाठी काय चालते? देशी बनावटीचे पूल टेबल लाख-दोन लाखांत येते, त्याचे कापड आणि क्यू बदलणारे लोक पुण्या-कोल्हापुरात आहेत, आणि तासाचे पैसे घेता येतात. प्लेस्टेशन आणि टीव्ही मिळून एक आसन लाखाच्या आसपास बसते. मात्र घरगुती वापराच्या परवान्यावर घेतलेली यंत्रे भाड्याने चालवणे कंपनीच्या अटींत बसत नाही, हे या धंद्यात सोयीस्करपणे विसरले जाते. चार पूल टेबलांचे सगळे भांडवल एका पिनबॉल यंत्राच्या आत बसते. मोठे असणे हीही हमी नाही. मुंबईत लोअर परळला २०१२ मध्ये सुरू झालेली आणि पुढे शहरोशहरी पसरलेली ‘स्मॅश’ ही करमणूक केंद्रांची साखळी करोनानंतर दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. भाडे आणि यंत्रांचे हप्ते दालन बंद असले तरी चालूच राहतात.

पिनबॉलच हवा असेल तर एकच मांडणी कागदावर उभी राहते. अमेरिकेत यंत्राचा मालक आपले यंत्र दुसऱ्याच्या उपाहारगृहात ठेवतो आणि गल्ला निम्मा-निम्मा वाटून घेतो. मलकापुरात एका कॅफेत असे एक यंत्र ठेवले, डावाचे ३० रुपये आणि रोज २५ डाव धरले, तर महिन्याला साडेबावीस हजार येतात. यंत्रमालकाच्या वाट्याला सव्वाअकरा हजार, म्हणजे दहा लाख सुटायला साडेसात वर्षे, तेही व्याज आणि दुरुस्ती न धरता. यंत्रमालकाला हे परवडत नाही. पण कॅफे आणि यंत्र एकाचेच असेल तर पूर्ण गल्ला त्याचा, भाडे आणि नोकर आधीचेच, आणि यंत्राभोवती थांबलेल्या चौघांच्या कोल्ड कॉफीचे पैसे वेगळे. तरीही चार-पाच वर्षे लागतील. त्याने यंत्राची निम्मी किंमत जाहिरातीच्या खर्चात मनाने आधीच लिहून टाकावी. आयकराच्या हिशेबात अशा यंत्रावर दरवर्षी उरलेल्या किमतीच्या १५ टक्के घसारा मिळतो, तेवढाच हातभार.